निरवांगीचे तात्या सातव्या पानावर

दसऱ्याला अठरा दिवस राहिले असताना, मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास निरवांगीच्या तात्यांनी इंदापूरच्या मिस्त्रींच्या वर्कशॉपमध्ये फोन केला आणि यंदा पहिली ट्रॉली बाहेर काढायला आपण येणार नाही, असे कळवले. कारण सांगितले नाही. बोलणे मिनिटाच्या आत संपले. फोन मिस्त्रींच्या सुनेने उचलला होता, त्यामुळे ही माहिती तिच्याकडून मिळाली. मिस्त्री त्या दुपारी जेवले नाहीत, ही माहितीही तिचीच.

मिस्त्री ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतात. इंदापूरच्या बाहेर रस्त्याला लागून त्यांचे वर्कशॉप आहे. पुढे पत्र्याचे मोठे दार, आत वेल्डिंगची दोन यंत्रे, एक पेंटर आणि कुठल्याही वेळी अर्धवट उभ्या असलेल्या तीन-चार ट्रॉल्या. उसाचा हंगाम जवळ आला की गिऱ्हाइकांची गर्दी होते. हंगामाची पहिली ट्रॉली दसऱ्याला सकाळी दाराबाहेर पडते. ती कुणाचीही असो, दारातून बाहेर काढतात ते तात्या. ट्रॅक्टरवर बसतात, ट्रॉली रस्त्याला लावतात आणि मग स्टिअरिंग ज्याचे त्याच्या ताब्यात देतात.

मिस्त्री दुसऱ्याच्या हाताखालून बाहेर पडून भाड्याच्या शेडमध्ये आले, तेव्हा त्यांच्याकडे वेल्डिंगचे यंत्रही उसने होते. नव्या माणसाने जोडलेली ट्रॉली भरल्या उसाने मधेच बसेल, या भीतीने कुणी पुढे येत नव्हते. तात्यांनी पहिली ट्रॉली घेतली, हंगामभर ती ऊस भरून ओढली आणि ज्याने त्याने विचारल्यावर एवढेच सांगितले, की बसली नाही. त्यानंतर तात्यांचा एकही दसरा चुकलेला नव्हता. एकदा ताप अंगात असताना ते आले होते आणि ट्रॉली काढून तिथेच बाकावर आडवे झाले होते.

मी बुधवारी वर्कशॉपमध्ये गेले, तेव्हा मिस्त्री एका धुऱ्यापाशी बसले होते आणि काहीच करत नव्हते. 

“दुसऱ्या कुणाच्याबी हातनं ट्रॉली निघंल, मॅडम. चाकं हायत तिला,” ते म्हणाले. “पण दार उघडायला माझा हात उठायचा न्हाय.”

या प्रकरणाशी माझा संबंध असा. मी एका दैनिकाच्या बारामती कार्यालयात चौदा वर्षे उपसंपादक होते. कार्यालय लहान होत होत एका टेबलावर आले, तेव्हा मी ते टेबलही सोडले आणि बारामतीतच एक खोली घेऊन लहान व्यावसायिकांची संकेतस्थळे करून देऊ लागले. मिस्त्री माझे सहावे ग्राहक. त्यांच्या संकेतस्थळाला मी जी व्यवस्था बसवली, तिला पुस्तकात आशय व्यवस्थापन प्रणाली म्हणतात. म्हणजे पानावरचा मजकूर आणि फोटो ज्याचे त्याला, माझ्याकडे न येता, बदलता यावेत अशी सोय. वर्कशॉपमध्ये तिला सिस्टीम म्हणत.

कल्पना माझी होती. ट्रॉली एकदा विकली की गिऱ्हाईक चार-पाच वर्षे फिरकत नाही. तोवर ते दुसरीकडे जाऊ शकते. म्हणून प्रत्येक जुन्या गिऱ्हाइकाला संकेतस्थळावर स्वतःचे एक पान द्यायचे. त्यावर त्याचा हार घातलेल्या ट्रॉलीशेजारचा फोटो, गाव, ट्रॉली कशासाठी वापरतो ते. पासवर्ड त्याच्याच हातात. गिऱ्हाइकाशी नाते टिकवायचे तर त्याला आपल्या घरात खुर्ची द्यावी लागते, असे मी मिस्त्रींना समजावले होते. मिस्त्रींनी खुर्च्या सहा आहेत, असे सांगितले. सून बी.कॉम. झालेली होती. तिला मी काय म्हणते ते कळले आणि तिने ते सासऱ्यांना सांगितले. विक्रीच्या जुन्या वहीतून तिने तीन आठवड्यांत एक-एक नाव सिस्टीममध्ये उतरवले. एकूण अडुसष्ट नावे झाली. एका पानावर दहा, अशी सात पाने.

यादीत कोण वर आणि कोण खाली, हे मी ठरवले. वर्तमानपत्रात ताजी बातमी वर जाते. त्या सवयीने मी असा नियम लावला, की ज्याने आपल्या पानावर शेवटचा बदल केला त्याचे नाव सर्वांत वर येईल; ज्यांनी काहीच बदलले नाही ते क्रमांकानुसार खाली. हा नियम लावायला मला चार सेकंद लागले असतील.

नियम मी कुणाला सांगितला नव्हता. सणसरच्या एका बागायतदाराच्या तो आठवड्याभरात लक्षात आला. आपल्या ट्रॉलीचा रंग तांबडा असे लिहिले होते, ते त्याने लाल असे केले आणि तो पहिल्या पानावर पहिला झाला. त्याचा चुलतभाऊ शेजारच्याच वस्तीवर राहतो. त्यानेही मिस्त्रींकडूनच ट्रॉली घेतलेली. त्याच्याही लक्षात आले.

सिस्टीममध्ये प्रत्येक बदलाची वेळेसह नोंद राहते. सकाळी पाच वाजून बेचाळीस मिनिटांनी बागायतदाराने आपल्या पानावर एक पूर्णविराम दिला. पाच एक्कावन्नला चुलतभावाने आपल्या पानावरचा एक पूर्णविराम काढला. सहा वाजून तीन मिनिटांनी बागायतदाराने स्वतःच्या नावापुढे ‘राव’ जोडले. सहा वाजून चार मिनिटांनी चुलतभावाने ‘रावसाहेब’ जोडले. त्यानंतर साडेसातपर्यंत शांतता होती. दोघांच्याही धारा काढायच्या असाव्यात. मोरगावकडचा एक शेळीपालक चारा आणायला लहान ट्रॉली वापरतो. तो रोज नवा फोटो चढवू लागला. फोटोत शेळ्यांमुळे ट्रॉली दिसत नसे.

मिस्त्री खूश होते. इतकी माणसे इतक्या सकाळी आपले नाव काढतात, हे त्यांना विशेष वाटत होते. गिऱ्हाइके वर्कशॉपमध्ये पुन्हा येऊ लागली. नवे काही घ्यायला नव्हे, तर आज पहिल्या पानावर आपणच आहोत हे मिस्त्रींनी पाहिले का, ते विचारायला. चहा होत असे. सहा खुर्च्या कमी पडू लागल्या. मी याला यश समजत होते आणि तसे आणखी दोन ग्राहकांना सांगितलेही होते.

तात्यांना संकेतस्थळ ठाऊक नव्हते. ते त्यांना दाखवले सणसरच्या बागायतदाराने, एका साखरपुड्याच्या जेवणानंतर, आपला पहिला क्रमांक दाखवण्यासाठी. तात्यांनी स्वतःचे नाव कुठे आहे, असे विचारले. बागायतदार अंगठ्याने यादी वर सरकवत राहिला. हजर असलेल्या एकाच्या म्हणण्यानुसार याला बराच वेळ लागला. तात्या सातव्या पानावर, सर्वांत खाली होते. फोटोच्या जागी करड्या रंगाचे चेहरा नसलेले चित्र होते. शेजारी लिहिले होते: ग्राहक क्रमांक ६८.

तात्यांनी फोन परत दिला, पान खाल्ले आणि घरी गेले. मंगळवारी त्यांचा फोन आला.

दुरुस्ती आपण बसल्या जागी करू शकतो, असे मला बुधवारी वाटत होते. मी यादी आद्याक्षरांनुसार लावली. गुरुवारी दुपारपर्यंत अकरा फोन आले. अकलूजच्या बाजूच्या एका माणसाचे नाव ‘अ’वरून सुरू होत असल्याने तो पहिला आला होता. त्याने ट्रॉली गेल्याच वर्षी घेतली होती, तीही घासाघीस करून. त्याच्या बापाने बारशाला काय ठरवले त्यावर आमचा मान ठरणार काय, असे बागायतदाराने मिस्त्रींना विचारले. मिस्त्रींना हे पटले. मिस्त्रींना गिऱ्हाइकाचे म्हणणे पटतेच. त्यांचा धंदा त्यावर उभा आहे. यादी पूर्वीसारखी करावी लागली.

शुक्रवारी मी सिस्टीममधली दुसरी सोय वापरली. एखादे नाव टाचणी लावल्यासारखे वर अडकवून ठेवता येते; मग खाली कितीही उलथापालथ झाली तरी ते हलत नाही. मी तात्यांना वर अडकवले. तासाभरात चुलतभाऊ स्वतः येऊन हजर झाला. तात्यांबद्दल काही म्हणणे नाही, पण त्यांच्या खालोखाल आपल्याला अडकवावे, एवढीच त्याची विनंती होती. मिस्त्री हो म्हणाले. मग बागायतदाराला नाही म्हणता येईना. मोरगावच्या शेळीपालकाने आपण एवढे लांबून येतो, याकडे लक्ष वेधले. शनिवारी संध्याकाळी मी सिस्टीम उघडली, तेव्हा अडुसष्टच्या अडुसष्ट नावे वर अडकवलेली होती. सगळीच अडकवल्यावर सिस्टीम पुन्हा पहिल्या नियमाकडे गेली होती. तात्या सातव्या पानावर, सर्वांत खाली होते.

“सगळ्यांना हो म्हणू नका, असं अब्बांना मी सांगितलं होतं,” सून सासऱ्यांबद्दल म्हणाली. “ते म्हणाले, कुणाला नको म्हणू?”

मधल्या काळात तात्या काही तास वर होते, हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातले होते. त्यावरचा त्यांचा अभिप्राय रविवारी फिरत फिरत वर्कशॉपमध्ये आला: तक्रार केल्यावर वर घेतले, त्याला मान म्हणत नाहीत, बोळवण म्हणतात. आता करण्यासारखे एकच राहिले होते. सोमवारी आम्ही तिघे निरवांगीला निघालो. मिस्त्री, गाडी चालवायला त्यांची सून आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन मी. वाटेत मिस्त्रींनी दोनदा गाडी थांबवायला लावली. दोन्ही वेळा उतरून ते रस्त्याकडेला उभे राहिले आणि पुन्हा बसले.

तात्या घरी होते. त्यांनी आमचे स्वागत नेहमीसारखे केले, असे मिस्त्रींनी नंतर सांगितले. मला तुलना करता येत नव्हती. काकूंनी, म्हणजे तात्यांच्या पत्नीने, चहा आणला. तात्यांनी नीरेच्या पाण्याची पाळी, उसाची नवी लागण, बिबट्या खरेच दिसला की कुत्रे होते, हे सगळे सविस्तर सांगितले. मिस्त्रींनी सगळ्याला मान डोलावली. पाऊण तास झाला. दुसरा चहा आला. ट्रॉली हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. अंगणाच्या कडेला एक जुनी ट्रॉली चाकांखाली दगड लावून उभी होती आणि तिच्यात वैरण भरलेली होती. सगळे तिच्याकडे सोडून इतर सगळीकडे बघत होते.

शेवटी तात्यांनीच विषय काढला. मिस्त्रींकडे न बघता त्यांनी विचारले, “मिस्त्री, किती गिऱ्हाईकं झाली म्हणं तुमची?”

“अडुसष्ट, तात्या.”

“आन् मी अडुसष्टावा.”

“त्ये मशीननं केलं, तात्या. मशीनला काय कळतंय.”

“मशीन मला कुठं वळखतं? तुमी वळखता.”

नियम मी लावला होता, हे मी सांगितले आणि त्याचे तांत्रिक कारणही सांगितले. तात्यांनी ते पूर्ण ऐकून घेतले. मग त्यांनी मला विचारले, की चहात साखर बरोबर आहे ना.

सून आतापर्यंत काकूंजवळ उंबऱ्यात बसली होती. ती तिथूनच म्हणाली, “तात्या, नंबर मशीननं न्हाय दिला. मी दिला. वहीत तुमचं नावच न्हाय.”

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिले. तिने बोलू नये, असे त्यांना वाटत होते, हे स्पष्ट दिसत होते.

“पैल्या पानापासनं सगळी वही मी उतरवली,” ती म्हणाली. “तुमी कुठंच न्हाय. गिऱ्हाइकांची वही हाय ती, आन् अब्बांनी तुमास्नी गिऱ्हाईक म्हणून कधी लिवलंच न्हाय. सदुसष्ट नावं झाल्यावर मी अब्बांना म्हणलं, संपलं. तर अब्बा म्हणले, आगं, घरातलं माणूस राह्यलं की.”

हे खरे का, असे तात्यांनी मिस्त्रींना विचारले नाही. त्यांनी काकूंकडे पाहिले. काकूंनी कपबश्या गोळा करायला घेतल्या.

“म्हंजी आमी शेवटच्या पंगतीचे,” तात्या म्हणाले.

“वाढणारे,” सून म्हणाली. “वाढणारे शेवटीच बसत्यात.”

तात्यांनी यावर विचार केला. लग्नकार्यात पाहुणे आधी जेवून उठतात आणि ज्यांच्या घरचे कार्य ते शेवटच्या पंगतीला बसतात, हे तिथे कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. थोड्या वेळाने ते माझ्याकडे वळले.

“तुमी पेपरात व्हता न्हवं?”

“होते.”

“मग ह्ये छापा की. मनात ठिवून काय उपेग?”

मी लॅपटॉप उघडला. तात्यांनी मजकूर सांगितला, मी टाइप केला. पहिली अडचण सालाची आली. पहिली ट्रॉली थोरल्या मुलीच्या लग्नाच्या वर्षी घेतली, असे तात्यांचे म्हणणे. त्याच्या आदल्या वर्षी, असे मिस्त्रींचे. दोघेही ठाम होते आणि या मुद्द्यावर आल्यापासून पहिल्यांदाच एकमेकांशी सरळ बोलू लागले. लग्नाचे सामान त्याच ट्रॉलीतून नेले होते, तर ती आधीची असणार, असे काकूंनी आतून सांगितले. काकूंचे म्हणणे ग्राह्य धरण्यात आले. ‘ट्रॉली कधीच बसली नाही’ हे वाक्य तात्यांनी सांगितले, तेव्हा मी खात्री करून घेतली. एकदा वालचंदनगरच्या रस्त्याला टायर फुटला होता, असे मिस्त्रींनी प्रामाणिकपणे सांगितले. टायर मिस्त्रींनी बनवलेला नव्हता, असे तात्यांनी निदर्शनास आणले. वाक्य राहिले.

फोटोसाठी वैरण उतरवावी लागली. त्याला अर्धा तास गेला. तात्यांनी कोसा फेटा बांधला आणि एक हात ट्रॉलीच्या मागच्या फळीवर, फाळक्यावर ठेवून उभे राहिले. मिस्त्रींनाही शेजारी उभे राहायला त्यांनी सांगितले. मिस्त्रींनी दुसरा हात कुठे ठेवायचा ते विचारले. 

निघताना मिस्त्रींनी दसऱ्याचा विषय काढला. तात्या म्हणाले, “बघू.”

मजकूर सोमवारी संध्याकाळी प्रसिद्ध झाला. तात्यांचे नाव सातव्या पानावर, सर्वांत खाली ठेवले होते. क्रमांक काढून टाकला होता. नावावर ‘घरचे’ असा छोटा मथळा होता. ही जागा दुसऱ्या कुणाच्या बदलाने हलू नये, अशी व्यवस्था मी केली. पहिल्या पानावर एक दुरुस्तीही दिली: निरवांगीच्या तात्यांचा उल्लेख नजरचुकीने ग्राहक असा झाला होता. पहिल्या पानावरची ही माझी पहिलीच दुरुस्ती. दैनिकात असताना दुरुस्त्या आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात जात.

मंगळवारी सकाळी पाच चाळीसला बागायतदाराने काहीही बदलले नाही. सव्वानऊला तो वर्कशॉपमध्ये आला. त्याला सातव्या पानावर, तात्यांच्या वरची जागा हवी होती. दर ईदला आपण मिस्त्रींच्या घरी शिरखुर्मा पितो, तोही दोन वाट्या, हा त्याचा आधार. चुलतभावाने तीन वाट्यांचा दावा केला. शेळीपालकाने मिस्त्रींच्या नातवाच्या बारशाला बोकड पाठवल्याची आठवण करून दिली. बोकड पाठवल्याचे मिस्त्रींनी मान्य केले. गुरुवारपर्यंत सातव्या पानासाठी एकोणीस जणांनी मागणी नोंदवली आणि पहिल्या पानावर, कुणी हात न लावल्यामुळे, शेटफळचा एक माणूस तीन दिवस पहिला राहिला. त्याला ते कळले नव्हते.

मिस्त्री सगळ्यांना हो म्हणाले. या वेळी सुनेने सिस्टीमचा मुख्य पासवर्ड बदलला. ज्याचे नाव वहीत आहे तो ग्राहक, ज्याचे नाही तो घरचा, असा नियम तिने लावला आणि वही स्वतःच्या कपाटात ठेवली. आलेल्याला ती वही काढून त्याचे नाव दाखवत असे. हुज्जत घालणाऱ्याला चहा देत असे. बागायतदाराने वहीतले आपले नाव खोडता येईल का, असे एकदा विचारले. सुनेने त्याला त्याची ट्रॉली परत आणून लावायला सांगितली. तो हसला आणि त्याने नव्या ट्रॉलीची मागणी नोंदवली. यंदाची पहिली ट्रॉली त्याचीच ठरली.

तात्यांकडून काही निरोप आला नाही. मिस्त्रींनी फोन केला नाही. करावा का, असे त्यांनी मला तीनदा विचारले; मला ठाऊक नव्हते आणि मी तसे सांगितले.

दसऱ्याला मी सकाळी आठला इंदापुरात पोहोचले. पत्र्याचे मोठे दार आतून कुलूप लावून बंद होते; माणसे बाजूच्या लहान दाराने आत येत होती. आत नवी ट्रॉली ट्रॅक्टरला जोडून उभी होती. झेंडूचे हार, आपट्याची पाने, फाळक्यावर पेंटरने रात्रीच्या आत वाळावे म्हणून आदल्या सकाळीच रंगवलेले नाव. बागायतदार नव्या सदऱ्यात होता, त्याची बायको पूजेचे ताट घेऊन. तिने ट्रॉलीला हळदकुंकू लावले, नारळ फोडला. साडेआठ झाले. चुलतभावही आला होता. आपण फक्त बघायला आलो, असे त्याने न विचारता सांगितले. नऊ वाजले. आपण स्वतः ट्रॉली काढली तर चालेल का, असे बागायतदाराने हळूच विचारले. दाराच्या कुलपाची किल्ली मिस्त्रींच्या मुठीत होती.

नऊ वाजून वीस मिनिटांनी बाहेर मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. सुनेने दाराच्या फटीतून पाहिले. तात्या चालवत होते, मागे काकू होत्या. उशीर का झाला, हे तात्यांनी सांगितले नाही. काकूंनी सांगितले, की फेटा तीनदा बांधला.

तात्यांनी ट्रॉलीला एक चक्कर मारली, हुक हलवून पाहिला आणि ट्रॅक्टरवर बसले. मिस्त्रींनी कुलूप काढले. दाराचे दोन्ही पत्रे त्यांनी स्वतः ओढले.

ट्रॉली नऊ वाजून एकतीस मिनिटांनी बाहेर पडली. तात्यांनी ती रस्त्याला लावली, इंजिन चालू ठेवून खाली उतरले आणि स्टिअरिंग बागायतदाराच्या ताब्यात दिले.